उल्हास सबनीस जेनोव्हाला का गेले

उल्हास सबनीसांना कुणी जरा जास्तच हसून 'गुड मॉर्निंग' म्हटलं, की ते दुपारपर्यंत विचार करत बसायचे, याचं आपल्याकडे काय काम असेल?

स्वभाव जन्मापासून असा नव्हता. चिंचवडच्या कारखान्यात होते तेव्हा चारचौघांसारखेच होते. १९९४ साली मुंबईच्या एका एजंटानं त्यांना 'इन्स्पेक्शन इंजिनियर' म्हणून दुबईला पाठवलं आणि तिथे उतरल्यावर देरा भागातल्या एका गोदामात पाइपांच्या राशींवर नजर ठेवायला बसवलं. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. त्या गोदामात काढलेल्या दिवसांनी सबनीसांच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसली. समोरचा माणूस गोड बोलतोय याचा अर्थ आपलं काहीतरी जाणार आहे.

पुढे शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये जहाजांचे पंप जोडून विकणाऱ्या एका कंपनीत त्यांना क्वालिटीचं काम मिळालं आणि तिथे मात्र या स्वभावाचं सोनं झालं. परदेशातून आलेल्या पंपाच्या बॉडीवर ते हात फिरवायचे, हातोडीनं टक् करून आवाज ऐकायचे, आणि सप्लायरनं कितीही कागद दाखवले तरी "मी स्वतः मोजतो" म्हणायचे. मालक संजयभाई त्यांना सगळ्यांदेखत 'सीआयडी' म्हणत. सबनीसांना ते आवडायचं.

घरी मात्र या सीआयडीचा जाच होता. दुबईतल्या अल कुसैसच्या फ्लॅटमधून बाहेर पडताना ते कुलूप तीनतीनदा ओढून बघत. बायको कुंदाताईंना त्याची सवय झाली होती. अकरावीतली मुलगी मिहिका लिफ्ट धरून उभी राहायची आणि म्हणायची, "बाबा, इट्स लॉक्ड. इट वॉज लॉक्ड लास्ट टाइम टू."

२००८ची दिवाळी झाली आणि वारं फिरलं. हमरियाला जाताना रस्त्याकडेला क्रेन दिसायच्या त्या तशाच उभ्या, पण वळेनाशा झाल्या. बिल्डिंगमधली दोन कुटुंबं शाळेचं वर्ष अर्धं टाकून भारतात परतली. एअरपोर्टच्या पार्किंगमध्ये लोक गाड्या सोडून पळतायत, अशी बातमी रोज कुणीतरी नव्यानं सांगायचं. कंपनीत पहिला गेला तो प्लॅनिंगचा विजयकुमार. त्याला संजयभाईंनी बोलावून सांगितलं, बऱ्याच दिवसांत घरी गेला नाहीस, जा, महिनाभर पालघाटला राहून ये. ऑफिसात केक कापला. विजयकुमार हसत हसत गेला, आणि तिकडे पोहोचल्यावर त्याला फोन आला, आता येऊ नकोस. खलास.

म्हणून मार्चमध्ये संजयभाईंनी केबिनमध्ये बोलावून चहा मागवला, तेव्हाच सबनीसांना तो केक आठवला.

"सबनीस, जेनोव्हा हो आओ," संजयभाई म्हणाले.

इटलीतल्या जेनोव्हा बंदरातल्या एका जुन्या कारखान्यातून कंपनीला पंपांच्या बॉडी यायच्या. एक मोठी ऑर्डर तिकडे चालू होती.

"कुछ प्रॉब्लेम है, सर?"

"अरे नहीं. बस देख के आओ. भाभी को भी ले जाओ, टिकट मैं कर दूँगा. पुराना शहर है, घूमो फिरो. आकर बताना कैसा लगा."

"इन्स्पेक्शन करना है?"

"घूमना है," संजयभाई म्हणाले आणि मोबाइल उचलून बोलू लागले.

सबनीस चहा तसाच ठेवून बाहेर आले. कंपनीत पगार वेळेवर होत नव्हता आणि मालक नोकराला बायकोसकट इटलीची सहल घडवत होता. विजयकुमारला नुसता केक मिळाला होता. आपल्याला इटली. म्हणजे आपला नंबर नक्की आणि खर्च मोठा. हा हिशेब त्यांना इतका स्पष्ट दिसला, की संध्याकाळी त्यांनी टेबलाच्या खणातलं स्वतःचं सगळं सामान पिशवीत भरलं. त्यांचा जुना मायक्रोमीटर, चष्म्याची जादा जोडी, मिहिकाचा लहानपणचा फोटो. स्टोअरमधल्या मुनीरला बाजूला घेऊन सांगितलं, "मेरे पीछे कोई मेरी कुर्सी पे बैठे तो फोन करना."

घरी कुंदाताईंनी बातमी ऐकली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की सबनीसांना पुढचं बोलवेना. लग्नाला वीस वर्षं होत आली होती. सुट्टी म्हणजे पुणं, आणि पुण्यात नातेवाईक. याच्या बाहेर त्या कुठे गेल्या नव्हत्या.

"पण यामागे काहीतरी आहे," सबनीस शेवटी म्हणाले.

"असू दे मागे. आपण पुढे जाऊ या," कुंदाताई म्हणाल्या आणि बॅगा काढायला उठल्या.

मिहिका शेजारच्या जुलेखाभाभींकडे राहिली. सबनीस दांपत्य मिलानला उतरलं आणि तिथून आगगाडीनं, डोंगरातले बोगदे ओलांडत, जेनोव्हाला पोहोचलं. स्टेशनवर एक साठीचा उंच माणूस त्यांची वाट पाहत होता. पांढऱ्या मिशा, कोपरावर विरलेला कोट. त्यानं दोन्ही हातांनी सबनीसांचा हात धरला आणि सोडेचना. हा एत्तोरे कानेपा. कारखान्याचा मालक. सबनीसांनी त्याच्या सहीचे कागद वर्षानुवर्षं पाहिले होते, माणूस पहिल्यांदा पाहत होते.

"कारखाना उद्या बघू," एत्तोरे इंग्रजीत म्हणाला. "आज शहर."

शहर बघण्यासारखंच होतं. समुद्राला लागून डोंगर, आणि डोंगरावर चढत गेलेली पिवळी, गुलाबी, विटकरी घरं. जुन्या बंदरामागच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. वर खिडक्याखिडक्यांतून धुणं वाळत घातलेलं, खाली अंधार. कुंदाताई मान वर करकरून बघत होत्या. सबनीस पाठीमागे बघत होते. पाकीट त्यांनी शर्टाच्या आत, गंजीफ्रॉकला पिन लावून ठेवलं होतं.

बंदरासमोरच्या कमानींखाली एत्तोरेनं त्यांना एका भटारखान्यात नेलं. भट्टीतून परातीएवढं तांब्याचं ताट निघालं, त्यावर पिवळीधमक, कडेनं करपलेली पातळ पोळी. सबनीसांनी तुकडा हातात घेऊन खालून वरून पाहिला. "यात अंडं असेल. नाहीतर मासा. तेलाचा वास वेगळा येतोय."

कुंदाताईंनी एक घास घेतला. "अहो, हे बेसनाचं धिरडं आहे. नुसतं भट्टीत भाजलंय." मग त्यांनी दुसरा तुकडाही मागून घेतला. बशीची किंमत युरोत ऐकून दिरहॅममध्ये केली, दिरहॅमची रुपयांत केली, एकदा डोळे मिटले आणि तिसरा मागितला.

दुपारी एत्तोरे त्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जुन्या चर्चमध्ये घेऊन गेला. आत एका बाजूला माणसाच्या छातीएवढा तोफगोळा उभा करून ठेवला होता. दुसऱ्या महायुद्धात तो समुद्रावरून आला, छत फोडून आत पडला आणि फुटलाच नाही, असं एत्तोरेनं सांगितलं. कुंदाताईंनी हात जोडले. सबनीस चार पावलं मागे सरले.

"आतली दारू काढलीय हे कुणी तपासलं होतं?" त्यांनी विचारलं.

एत्तोरेनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तुम्ही सगळंच तपासता का, मिस्टर सबनीस?"

या प्रश्नानं सबनीस सावध झाले. याला माझा स्वभाव कुणी सांगितला? त्या दिवसापासून त्यांच्या लक्षात एकेक गोष्ट यायला लागली. एत्तोरे सकाळी उशिरा यायचा, केस ओले, हात घासून लाल झालेले. चालता चालता सहज विचारल्यासारखं विचारायचा, संजयभाई बरे आहेत ना? दुबईत कामं चालू आहेत ना? सबनीस "फाइन, फाइन" एवढंच म्हणायचे. मग तो बोलता बोलता मुंबईचं नाव काढायचा. तरुणपणी तो जहाजावर इंजिनियर होता, माझगावच्या गोदीत महिनाभर अडकला होता, 'चाय' आणि 'जल्दी करो' त्याला अजून येत होतं. कुंदाताईंना याचं केवढं कौतुक! सबनीसांना वाटलं, हा आपला अभ्यास करून आलाय.

आणि कारखाना? तो रोज 'उद्या' होता. कधी तिथे वीज गेलेली असायची, कधी फोरमन आजारी असायचा. त्याऐवजी एत्तोरेनं त्यांना टाइल्स लावलेल्या भुयारातून एका जुन्या लिफ्टनं डोंगरावर नेलं. वरून सगळं बंदर दिसत होतं, राखाडी दगडी पाट्यांची छपरं, गोदीतली जहाजं आणि दूर पश्चिमेला उंच दीपगृह. कुंदाताई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नेमका तेव्हाच सबनीसांचा मोबाइल वाजला. मुनीर होता.

"साब, आपकी कुर्सी पे एक आदमी बैठा है. टाय लगाया है. सब फाइलें निकलवा रहा है."

सबनीसांनी फोन ठेवला. "बघ. म्हटलं नव्हतं? माणूस बसवलासुद्धा."

"बसू दे," कुंदाताई म्हणाल्या. "खुर्चीवर बसला म्हणजे नोकरीवर बसला का?"

"तुला कळत नाहीये. हा एत्तोरे त्यात सामील आहे. मला इथे फिरवत ठेवायचं काम दिलंय त्याला. म्हणून कारखाना दाखवत नाही."

कुंदाताईंनी डोळे पुसले. मग शांतपणे म्हणाल्या, "तसं असेल तर उद्या त्याला न सांगता तुम्ही एकटेच जा आणि बघून या. पण आज मला हे बघू दे. तुमच्या संशयानं माझी सगळी सहल खाल्ली."

हे वाक्य सबनीसांना लागलं. ते बायकोशेजारी कठड्याला टेकून उभे राहिले. दीपगृहाकडे बघता बघता ते कारखान्याकडे जाणाऱ्या बसची पाटी मात्र शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर ते एकटे निघाले. पत्ता पाठ होता. बिलांवर इतक्यांदा वाचला होता. बसनं दीपगृहाच्या पलीकडच्या जुन्या कारखान्यांच्या वस्तीत उतरले आणि रेल्वेपुलाखालच्या गल्लीत त्यांना ते फाटक सापडलं. अर्धं उघडं. आत लांबलचक शेड, आणि दिवे फक्त एका टोकाला. दोन्ही बाजूंच्या लेथवर प्लॅस्टिक घातलेलं. कामगारांच्या कपाटांची दारं उघडी, आत काही नाही. शेडच्या त्या टोकाला एकच मशीन चालू होतं आणि त्यावर निळा डगला घालून, चष्मा नाकावर ओढून, एत्तोरे स्वतः वाकलेला होता. पलीकडे एक म्हातारा कामगार तयार बॉडी पुसत होता. बस. एवढाच कारखाना.

एत्तोरेनं मान वर केली. मशीन बंद केलं.

"तर मग तुम्ही पाहिलंत," तो म्हणाला. "आता संजयला सांगा. कॅन्सल करा. तुम्ही त्यासाठीच आलात."

"मी?" सबनीस म्हणाले. "मी कॅन्सल करायला आलो?"

"नाहीतर काय! अशा दिवसांत कोण बायकोला घेऊन कारखाना बघायला येतं? मी तुम्हाला स्टेशनवर पाहिलं तेव्हाच ओळखलं. इन्स्पेक्टर आहे आणि टुरिस्ट असल्याचं दाखवतोय. पहिल्या दिवसापासून तुम्ही बोलत नाही, नुसते बघता. चर्चमधला गोळासुद्धा सोडला नाहीत!"

सबनीसांना हसावं की रडावं कळेना. ते एका लाकडी खोक्यावर बसले. "मिस्टर कानेपा, मला काढून टाकायचं म्हणून इकडे पाठवलंय. तुम्ही मला अडकवून ठेवलंय असं मला वाटत होतं. तिकडे माझ्या खुर्चीवर माणूस बसलाय."

एत्तोरेनं डोळे बारीक केले. हा खरं बोलतोय की हीही चाल आहे, हे तो बघत होता, आणि सबनीसांना ती नजर चांगली ओळखीची होती. मग तो हळूहळू हसायला लागला. "आमच्या गावात एक शब्द आहे. 'मानीमान'. म्हणजे, कुणी सांगावं, काहीही होऊ शकतं. इथली माणसं छत्री घेताना 'मानीमान' म्हणतात, दार दोनदा लावतानाही 'मानीमान' म्हणतात. बाकीची इटली आम्हाला हसते."

"आम्ही 'न जाणो' म्हणतो," सबनीस म्हणाले.

म्हाताऱ्या कामगारानं तिघांसाठी कॉफी आणली. एत्तोरेनं मग सगळं सांगितलं. हिवाळ्यापासून एकेक गिऱ्हाईक गळालं, माणसं सोडावी लागली. उरलेली एकच ऑर्डर, संजयभाईंची. तीही गेली तर फाटक बंद. म्हणून तो पहाटे येऊन स्वतः मशीनवर उभा राहायचा आणि मग आंघोळ करून पाहुण्यांना शहर दाखवायला धावायचा.

"संजयला सांगणार?" त्यानं शेवटी विचारलं.

सबनीसांनी कॉफीचा कप खाली ठेवला. या माणसाची त्यांना दया आली होती. पण दया दाखवून खोटं सांगायचं, आणि उद्या अर्धा माल आलाच नाही तर हमरियातली माणसं बसून राहणार. "जे पाहिलं ते सगळं सांगणार," ते म्हणाले. "पण सगळं म्हणजे सगळं. तयार माल मला दाखवा."

पुढचे दिवस सबनीस त्या शेडमध्ये होते. विश्वास अजूनही पुरता बसला नव्हता, म्हणून त्यांनी एकेक बॉडी स्वतः मोजली, ठोकून ऐकली, दोन सदोष म्हणून बाजूला काढल्या. एत्तोरेनं त्या दोनांवरून वाद घातला आणि मग मान्य केलं. कुंदाताईंनी मात्र एकटीनं शहर पालथं घातलं. त्या बसनं कोळ्यांच्या एका जुन्या वस्तीत गेल्या, रंगीत घरांच्या खाली गोटे पसरलेल्या किनाऱ्यावर चपला काढून बसल्या आणि संध्याकाळी परत येऊन म्हणाल्या, "मला कुणी लुटलं नाही बरं का. एका बाईनं उलट आइस्क्रीम दिलं." सबनीसांनी कुठली बाई, कशासाठी दिलं, असे दोन प्रश्न विचारले आणि तिसरा गिळला.

दुबईला उतरल्यावर ते एअरपोर्टवरून घरी न जाता थेट हमरियाला गेले. त्यांच्या खुर्चीवर खरंच टाय लावलेला एक माणूस होता. तो उठला, हात मिळवला, म्हणाला मी बँकेकडून आलोय, स्टॉक तपासतोय, आजचा शेवटचा दिवस. सबनीसांनी त्याचं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचलं.

संजयभाई केबिनमध्ये एकटेच होते. "बोलो. कैसा लगा जेनोव्हा?"

सबनीसांनी उभ्याउभ्या सांगितलं. कारखान्यात माणसं उरलेली नाहीत, मालक स्वतः मशीन चालवतो, पुढची अर्धी ऑर्डर वेळेत होणं अशक्य. पण जो माल तयार आहे तो चोख आहे, मी प्रत्येक नग हाताळलाय. तेवढा उचला, त्याचे पैसे द्या, उरलेल्याचं दुसरीकडे बघा. ऑर्डर सरसकट कॅन्सल केलीत तर चांगला माल सोडाल.

संजयभाई खुर्चीत मागे रेलले. "मुझे शक था. पूछता तो वो छुपाता. तुमको बता के भेजता तो तुम पहले दिन ही उसको डरा देते."

"और भाभी को क्यों भेजा, सर?"

"इतने सालों में तुम कभी कहीं घूमने गए हो?" संजयभाई म्हणाले. "यल्ला, चलो, घर जाओ."

यातलं किती खरं, किती नंतर सुचलेलं, याचा सबनीसांनी बरेच दिवस विचार केला. कुंदा सोबत असली की आपण टुरिस्ट दिसू, एवढाच मालकाचा हेतू असणार, असं त्यांना वाटे. कुंदाताईंचं मत वेगळं होतं. त्या म्हणत, माणसाच्या मनात एका वेळी दोन कारणं असू शकतात.

तयार माल जहाजानं आला आणि त्यातला एकही नग परत गेला नाही. पण संजयभाईंनाही फार दिवस तग धरता आला नाही. पुढच्या वर्षी उन्हाळ्याआधी त्यांनी युनिट बंद केलं. या वेळी केक नव्हता. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून स्वतः सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज फुटला. सबनीसांना आश्चर्य वाटलं ते स्वतःचंच. ज्या दिवसाची इतकी वर्षं भीती होती तो आला, आणि ते मुनीरच्या खांद्यावर हात ठेवून त्याची समजूत घालत उभे होते.

एत्तोरेचं फाटकही त्याच सुमारास बंद झालं. ते सबनीसांना कळलं एका फोनच्या निमित्तानं. परदेशातला नंबर, इंग्रजीत बोलणारी एक बाई, म्हणाली आम्ही जहाजांच्या सुट्या भागांची तपासणी करणारी संस्था आहोत, आखातात माणूस हवा आहे, तुमचं नाव मिस्टर कानेपांनी दिलं. सबनीसांनी फोन कट केला. असे फोन नोकरी गेलेल्या सगळ्यांना येत होते, आणि शेवटी पासपोर्टची कॉपी मागत होते. पुन्हा फोन आला. पुन्हा कट. तिसऱ्यांदा फोन कुंदाताईंनी उचलला आणि त्या बाईचं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, एक मिनिट," त्या म्हणाल्या आणि रिसीव्हरवर हात ठेवून नवऱ्याकडे वळल्या. "एत्तोरेंनी त्यांना काय सांगितलंय माहितीय? हा माणूस देवळातल्या तोफगोळ्यावरसुद्धा विश्वास ठेवत नाही, म्हणून यालाच घ्या."

सबनीस उठून फोनपाशी आले. त्यांनी संस्थेचं नाव, पत्ता, ऑफिसचा दुसरा नंबर, असं सगळं विचारून घेतलं आणि "मी उलट फोन करतो" म्हणून ठेवला. दोन दिवस चौकशी केली. जेनोव्हाला फोन लावून एत्तोरेला विचारलं. तो फोनवर इतका हसला, की त्याला खोकला आला. मग म्हणाला, मी आता घरीच असतो, बायकोबरोबर बाजारात जातो, दुपारी झोपतो, तू नोकरी घे.

सबनीसांनी ती नोकरी घेतली. अमिरातीत फुजैराहपासून रुवैसपर्यंतच्या गोद्यांमध्ये फिरून लोकांनी पाठवलेल्या मालावर संशय घ्यायचा, हेच त्यांचं काम झालं. मिहिका शिकायला पुण्याला गेली, दोघंच उरले. पहिल्या वर्षाची रजा जमली तेव्हा सबनीसांनी कुंदाताईंना विचारलं, या वेळी कुठे जायचं?

कुंदाताईंनी त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. "का? यामागे काय आहे?"

"काही नाही," सबनीस म्हणाले. "खरंच काही नाही."

कुंदाताईंनी विश्वास ठेवायला थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "लिस्बन."